कचारगड : दरेकसाच्या डोंगरातले गोंडांचे आद्यस्थान

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, महाराष्ट्राची हद्द संपून छत्तीसगड सुरू होण्याच्या थोडे अलीकडे दरेकसाचे डोंगर आहेत. या डोंगरांत धनेगावाच्या वर कचारगड नावाच्या नैसर्गिक गुहा आहेत. स्थानिक बोलीत त्यांना ‘गुफा’च म्हणतात. गोंदियाहून हे ठिकाण सुमारे ५५ किलोमीटरवर, सालेकशापासून सातेक किलोमीटरवर आणि दरेकसा रेल्वे स्थानकापासून त्याहूनही जवळ आहे. येथे कोरीव खांब नाहीत, शिलालेख नाही, कळस नाही. तरीही मध्य भारतातल्या गोंड समाजाच्या मते त्यांच्या धर्माचा, कुळांचा आणि सोयरिकीच्या नियमांचा उगम याच गुहेत झाला. माघी पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून लाखो माणसे येथे जमतात.

भूगोल आधी पाहिला तर इतिहास समजायला सोपा जातो. गोंदिया जिल्ह्याचा बराचसा भाग धानाचा आहे. बांध्या, बोड्या आणि मालगुजारी तलाव असा तो सपाट मुलूख. आमगाव ओलांडून सालेकशाकडे जाऊ लागले की ही सपाटी मोडते आणि समोर जंगलाने झाकलेली रांग उभी राहते. या पट्ट्यातला खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना आहे. भूशास्त्रात ‘बिजली ऱ्हायोलाइट’ या नावाने ओळखला जाणारा ज्वालामुखीजन्य खडक याच परिसरातल्या बिजली या ठिकाणावरून नाव घेऊन बसला आहे आणि त्याचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. डोंगरावर ऐन, धावडा, बेहडा, तेंदू, मोह, चारोळी आणि बांबू यांचे मिश्र जंगल आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुले आणि त्यामागून तेंदूपत्ता, हीच येथल्या टोल्यांची पूर्वापार रोकड कमाई.

या रांगेतून पलीकडे जायला दरेकसाची खिंड ही सोयीची वाट होती. वैनगंगेच्या खोऱ्यातून छत्तीसगडच्या मैदानाकडे जाणारी माणसे आणि गुरे अशाच खिंडींतून जात. उत्तरेला लांजीचा किल्ला, पूर्वेला डोंगरगड, पश्चिमेला कामठा आणि आमगावच्या जमीनदाऱ्या, असा हा शेजार. मध्ययुगात मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्ये झाली. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा ही ती राज्ये. दरेकसाचा डोंगराळ मुलूख त्यांपैकी कोणाच्याही राजधानीजवळ नव्हता. देवगडच्या गादीवरच्या भांडणात नागपूरकर रघूजी भोसल्यांनी हात घातला आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सत्ता त्यांच्याकडे गेली. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. राजे बदलत राहिले तरी जंगलपट्ट्यातला कारभार बहुतेक जमीनदारांच्याच हाती राहिला. गढीच्या आणि तलावांच्या नोंदी झाल्या. डोंगरातल्या देवाच्या नोंदी करण्याचे कारण कोणालाच नव्हते.

खिंडीचे महत्त्व रेल्वेने कायम केले. मोठा दुष्काळ पडून गेल्यानंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारने नागपूर ते राजनांदगाव अशी मीटर गेज लाइन टाकली. ‘नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वे’ हे तिचे नाव. १८८२ पर्यंत ती राजनांदगावला पोचली होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेने ही लाइन विकत घेऊन ती ब्रॉड गेज केली आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग पुरा झाला. सालेकसा आणि बोरतलाव या स्थानकांच्या मध्ये दरेकसा स्थानक येते. येथेच डोंगर फोडून काढलेला बोगदा आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या आजही या घाटातून जातात. पावसाळ्यात स्थानकाजवळचा हाजरा धबधबा गाडीच्या खिडकीतून दिसतो आणि पुष्कळ प्रवाशांना दरेकसाची तेवढीच ओळख असते. त्याच डोंगरात आणखी काय आहे, याची कल्पना शंभर वर्षे त्या खिडकीतून पाहणाऱ्या कोणालाही आली नसावी.

गुहांकडे जाणारी वाट धनेगावातून निघते. गाव संपले की जंगल लागते, मग चढ. खालच्या अंगाला देवस्थाने आहेत, वरच्या टप्प्यावर लहान गुहा आणि त्यानंतर मोठी गुहा. मोठ्या गुहेचे तोंड इतके उंच आहे की त्याखाली उभा असलेला माणूस दुरून ओळखू येत नाही. आत शेकडो माणसे सहज मावतात. छताला एके ठिकाणी मोठे भोक आहे आणि तेथून दिवसा उजेडाचा झोत खाली पडतो. हे भोक आणि खाली पडलेले धोंडे, दोन्ही पुढे येणाऱ्या कथेत आपापली जागा घेऊन आहेत.

कचारगडच्या माहितीपत्रकांतून दोन विधाने वारंवार वाचायला मिळतात. ही आशियातली सर्वांत मोठी गुहा आहे, हे एक; आणि ती पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहे, हे दुसरे. पहिले विधान टिकणारे नाही. नुसत्या मेघालयातलीच एक चुनखडीची गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. दुसऱ्या विधानात दोन गोष्टींची गल्लत आहे. डोंगरात पोकळी कधी झाली हा भूशास्त्राचा प्रश्न, आणि माणूस त्या पोकळीत कधी राहिला किंवा तिला कधी नमस्कार करू लागला हा वेगळाच. अशा आकड्यांनी स्थळाचे मोठेपण वाढत नाही. कचारगडचे मोठेपण तेथल्या कथेत आहे आणि ती कथा कागदावर कशी आली, हा इतिहास त्याहूनही वाचण्याजोगा आहे.

गोंड समाजात आज सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. कली कंकाली या मातेची तेहतीस मुले होती. ती शंभू आणि गौरा यांच्या आश्रयाला आली. गौरेने त्यांना माया लावली, पण मुले अतोनात खोडकर निघाली. शेवटी शंभूने रागावून त्यांना कचारगडच्या गुहेत कोंडले आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटून दिली. मातेचा आकांत ऐकून पारी कुपार लिंगो याने मुलांना सोडवायचे मनावर घेतले. रायतड जंगो ही त्याच्या बाजूला होती. पुढे या मुलांना आईच्या जागी तीच झाली. शिळा हलवणे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. लिंगोने हिरासुका पाटालीर या वादकाला पाठवले. हिरासुकाने गुहेबाहेर बसून किंगरी वाजवली. त्या नादाने आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला, हिरासुकाने बाहेरून. शिळा सुटली, मुले बाहेर आली. पण घरंगळलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडून गेला.

कथा येथे संपत नाही. गोंडांच्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा भाग पुढे आहे. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिष्य केले, त्यांना जगण्याची रीत शिकवली. ही रीत म्हणजे कोया पुनेम. त्याने समाजाची सगांमध्ये, म्हणजे कुळगटांमध्ये, आणि सगांची गोत्रांमध्ये विभागणी केली. परंपरेत बारा सगा आणि साडेसातशे गोत्रे सांगतात. प्रत्यक्ष व्यवहारात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट चालतात. एका गटातले लोक एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक जोडायची ती दुसऱ्या गटात. प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती राखायची, असाही दंडक सांगितला जातो, आणि साडेसातशेला तिनाने गुणून २,२५० जीवजाती राखल्या जातात असा हिशेब जत्रेतल्या भाषणांत हमखास ऐकू येतो. या परिसरात घरांच्या भिंतीवर, मोटरसायकलवर, गाडीच्या काचेवर नुसता ‘७५०’ हा आकडा रंगवलेला दिसतो, तो हाच.

म्हणजे कचारगडची गुहा हे केवळ नवस बोलण्याचे ठिकाण नाही. मुलीचे लग्न कोणत्या घरात ठरवायचे आणि कोणत्या घरात नाही, याचा आधार तेथे आहे असे मानणारा हा समाज आहे. एखादा मरावी, टेकाम किंवा उईके गुहेसमोर उभा राहतो तेव्हा आपले आडनाव कोठून आले तेच तो पाहत असतो.

पूर्वज गुहेतून बाहेर आले, अशी श्रद्धा जगात इतरत्रही आहे. पेरूमधल्या इंका राजांचे आद्यपुरुष पाकारितांबोच्या गुहेतून निघाले, असे इंका सांगत. मेक्सिकोत अझ्टेक आणि त्यांच्या शेजारच्या जमाती स्वतःला चिकोमोस्तोक या सात गुहांच्या स्थानातून आलेल्या समजत. मात्र या कथांत गुहा हे जन्मस्थान आहे. गोंडांच्या कथेत ती तुरुंग आहे, आणि सुटका एका वादकाच्या प्राणांच्या मोलाने झालेली आहे.

वादकाला इतका मान का, याचे उत्तर समाजरचनेत सापडते. गोंडांचा इतिहास लिहिणारे बखरकार नव्हते. तो गाणारे परधान होते. प्रत्येक परधानाची ठरलेली गोंड घराणी असत. तो त्या घरी जायचा, तंतुवाद्य जुळवून कुळाची आणि देवांची कथा रात्रभर सांगायचा, आणि मोबदल्यात धान्य, कपडा, कधी जनावर घेऊन जायचा. मानववंशशास्त्रज्ञ वेरिअर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे या मराठी माणसाने नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर १९४६ साली इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यात या नात्याचे बारकावे आहेत. कथेत शिळा हलवणारा वीर तलवारबहाद्दर नसून किंगरीवाला असावा, हे कथा सांगणाऱ्यांचा धंदा पाहता स्वाभाविकच आहे.

या मौखिक परंपरेतली पहिली मोठी नोंद नागपुरात झाली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ पासून त्यांचे काम नागपुरात होते. हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. धर्मप्रसाराबरोबर भूशास्त्र, जीवाश्म आणि आदिवासी भाषा यांचाही त्यांना नाद होता. त्यांनी एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गोंडी गीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. गोंडी मूळ आणि इंग्रजी अर्थ असे ते गीत त्यात आहे. पुढे कॅप्टन फोर्सिथने १८७१ च्या पुस्तकात त्याचे पद्यरूप दिले, आणि रसेल व हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात त्याचा सारांश आला.

हिस्लॉपच्या गीतातला प्रसंग आजच्या कथेशी ताडून पाहण्यासारखा आहे. त्यात महादेव गोंडांच्या अस्वच्छ राहणीला कंटाळतो. तो एक खार निर्माण करून त्यांच्या समोर सोडतो. शिकारीच्या नादात सगळे गोंड तिच्यामागे धावत गुहेत शिरतात आणि महादेव सोळा हातांची शिळा लावून गुहा बंद करतो. पहाऱ्याला भस्मासुर बसतो. चार गोंड मात्र मागे राहतात आणि निसटतात. ते जेथे जाऊन राहतात त्या जागेचे नाव गीतात ‘काचीकोपा लोहागड’ असे आहे. फुलातून जन्मलेला लिंगो या चौघांना भेटतो. नंतर कोंडलेल्यांना सोडवण्यासाठी तो महादेवाचे तप करतो. महादेव अट घालतो की समुद्राकाठच्या बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणून दे. ती पिले एक भुजंग दरवेळी गिळत असतो. लिंगो त्याला मारतो, कृतज्ञ झालेले पक्षी लिंगोला आणि पिलांना पाठीवर घेऊन येतात, आणि महादेव शब्दाला जागून गुहा उघडतो.

फरक ठळक आहेत. तेथे गुहा धवलगिरीत आहे. लोहागड ही गुहा नसून आसऱ्याची जागा आहे. तेथे सुटका महादेवाच्या परवानगीने होते. आजच्या कथेत ती संगीताच्या आणि मनगटाच्या जोरावर होते. तेथे किंगरीवाल्या हिरासुकाचे बलिदान नाही. तेलंगणातल्या आदिलाबादकडे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात राजगोंडांची जी कथने नोंदवली, त्यांत आणखी वेगळे तपशील आहेत; जंगूबाई या देवीला तेथे फार मोठे स्थान आहे. एकाच कथेची इतकी रूपे असणे हे मौखिक परंपरेचे लक्षण आहे. हिस्लॉपच्या गीतावर हिंदू पुराणांचा रंग चढलेला आहे, हे त्या काळच्या संपादकांनीही ओळखले होते. भस्मासुर हे नावच पुरेसे बोलके आहे. पण म्हणून आजची कथा ‘मूळ’ आणि जुनी ‘भेसळ’ असे ठरवून टाकणेही घाईचे होईल. दोन्ही गोंडांनीच गायिल्या आहेत.

गीतातल्या लोहागडाचा नकाशावर शोध घेण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड समाजातल्याच अभ्यासकांनी केले. त्यांत डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांचे नाव पुढे आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि धर्म यांवर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. ‘गोंडवाना दर्शन’ या मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि आणखी काही कार्यकर्ते त्यांच्या बरोबरीने होते. लोकगीतांत ‘कोयली कचार लोहगड’ असे स्थान पुन्हा पुन्हा येते. सालेकशाच्या डोंगरात कचारगड नावाची गुहा आहे, तिच्या छताला भोक आहे, तोंडाशी धोंडे आहेत, आणि आसपास लोखंडाचा दगड सापडतो. या खुणा जुळवून त्यांनी हेच ते स्थान असे निश्चित केले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मोजक्या माणसांनी माघी पौर्णिमेला तेथे जाऊन गोंगो, म्हणजे पूजा, केली. पुढच्या वर्षी थोडे अधिक लोक आले. दरवर्षी ही संख्या वाढत गेली.

कचारगडच्या आजच्या यात्रेचे वय त्यामुळे चाळीस वर्षांच्या आसपास आहे. हे सांगितले की काहींना ते स्थळाचा अवमान वाटतो, आणि दुसऱ्या बाजूच्या काहींना त्यात ‘बनावट परंपरा’ सापडल्याचा आनंद होतो. दोघांचेही चुकते. आसपासच्या गावांतले लोक या डोंगरातल्या देवांना आधीपासूनच मानत होते. गुहेचे नावही जुने आहे. नवे होते ते एवढेच, की पाच-सहा राज्यांत विखुरलेल्या समाजाला आपल्या सगळ्यांचे म्हणून एक ठिकाण मिळाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने गोंडांचा मुलूख भाषावार वाटला गेला. मराठी, हिंदी, तेलुगू आणि उडिया भाषिकांना पुढेमागे आपापली राज्ये मिळाली. गोंडी भाषकांना कोणतेच मिळाले नाही. गोंडवाना राज्याची मागणी, गोंडी लिपीचा पुरस्कार, जनगणनेत धर्माचा वेगळा रकाना मागणे आणि कचारगडची यात्रा ही एकाच काळातली, एकमेकांना बळ देणारी कामे आहेत. तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात आणि मुंबई-हावडा रेल्वे जेथून जाते तो डोंगर या कामाला सोयीचा होता, हाही योगायोग लहान नाही.

यात्रा माघी पौर्णिमेच्या आगेमागे पाच दिवस चालते. सालेकसा आणि दरेकसा या एरवी शांत स्थानकांवर गाडीमागून गाडी रिकामी होते. ट्रॅक्टर, जीप, एसटी, पायी, मिळेल त्या मार्गाने माणसे धनेगावला पोचतात. बहुतेकांच्या डोक्याला पिवळा फेटा किंवा गळ्यात पिवळा दुपट्टा असतो. भेटले की ‘जय सेवा’. सप्तरंगी गोंडवाना ध्वज फडकतो, धनेगावातून वाजतगाजत पालखी निघते आणि डोंगराकडे जाते. पूजेचे काम भूमक करतो. आपापल्या कुळाचे पेन, म्हणजे देव, घेऊन आलेली मंडळी वेगळी ओळखू येतात. भाला, चवर, मोरपीस आणि मागे ढोल. वाट चढताना एका ओळीत इतकी गर्दी असते की खालून पाहणाऱ्याला पायवाट दिसतच नाही, नुसता पिवळा पट्टा हलताना दिसतो. खाली मैदानात रात्री रेला नाच आणि दिवसा मंचावर भाषणे. बाजारही मोठा भरतो. झाडीपट्टीतल्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, मिळतात त्या सगळ्या वस्तू तेथे मिळतातच, शिवाय गोंडी पंचांग, गोंडी लिपीचे तक्ते, कंगालींची पुस्तके, लिंगो आणि जंगोच्या तसबिरी. पुस्तकांच्या दुकानांपुढेही पुष्कळ लोक थांबतात. ज्या समाजाचा ग्रंथ आतापर्यंत गळ्यात होता, त्याने तो छापायला घेतल्याची ही खूण आहे.

माघी पौर्णिमा ही तिथी इतर ठिकाणीही महत्त्वाची आहे. तेलंगणातल्या मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा दर दोन वर्षांनी याच पौर्णिमेच्या सुमारास भरते आणि ती कोया आदिवासींची आहे. पौष महिन्यात चंद्रपूर-आसिफाबाद सीमेवरच्या जंगूबाईच्या गुहेत यात्रा होते. पौष अमावास्येला केसलापूरला मेश्राम कुळाची नागोबा जत्रा. बस्तरकडे लिंगो वादकांचा आणि घोटुल या युवागृहाचा आद्यपुरुष म्हणून पुजला जातो. धानाची मळणी उरकून कणग्या भरलेल्या असतात आणि मोहाचा हंगाम अजून लागायचा असतो. हातात वेळ आणि घरात धान्य असण्याचे हेच दिवस, म्हणून जंगलपट्टीतल्या जत्रा या दोन महिन्यांत एकापाठोपाठ येतात.

यात्रा वाढत होती त्याच दशकांत या डोंगरांवर दुसरी सावलीही होती. नक्षलवादी चळवळीने महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरचा हा जंगलपट्टा आसऱ्यासाठी निवडला. त्यांच्या एका दलाचे नावच ‘दरेकसा दलम’ होते. मुरकुटडोह, दंडारीसारखी गावे बाहेरच्यांना बातम्यांतून कळली, ती याच कारणाने. संध्याकाळनंतर रस्ता मोकळा पडायचा, पर्यटक हाजरा धबधब्यावरूनच परतायचे. यात्रेच्या काळात पोलीस बंदोबस्त असे आणि आजही असतो, तरी माघी पौर्णिमेची गर्दी त्या वर्षांतही ओसरली नाही. अलीकडे परिस्थिती पुष्कळ निवळली आहे.

एरवीच्या दिवसांत कचारगड पाहायला जाणाऱ्याने आमगाव-सालेकसा मार्गे धनेगाव गाठावे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भर पावसात हाजरा धबधबा पाहावा, गुहेची वाट मात्र निसरडी असते. त्याच रस्त्याने पुढे गेले की जंगलातून छत्तीसगडात उतरता येते आणि डोंगरगडला बमलाई देवीचे दर्शन होते; एका दिवसात दोन्ही होते. गुहेत जोडे काढून जावे, तेथे ठेवलेल्या वस्तूंना हात लावू नये आणि भिंतीवर नावे कोरू नयेत. आजवर कोरलेली नावे पुरेशी आहेत. सोबत गावातला वाटाड्या घेतला तर वाट चुकत नाही, आणि कथा त्याच्या तोंडून ऐकायला मिळते. ती येथे दिलेल्या कथेपेक्षा वेगळी निघाली तर नवल नाही.

उरला प्रश्न ज्या भाषेत ही कथा गायिली गेली तिचा. २०११ च्या जनगणनेत गोंडांची संख्या एक कोटीच्या वर होती, पण गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाखच होते. सालेकसा तालुक्यातल्या अनेक गोंड घरांत आज मराठी, हिंदी किंवा छत्तीसगडीच बोलली जाते, आणि कचारगडच्या मंचावरची पुष्कळशी भाषणे हिंदीत होतात. गोंडीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत करावा, ही मागणी त्याच मंचावरून वर्षानुवर्षे होत आली आहे. ती अजून मान्य झालेली नाही.